एकच गाडी, दोन इंजिने

स्कोडा सुपर्ब ही साहेबलोकांची गाडी. आमच्या वाचकांपैकी ती विकत घेणारे थोडे. परंतु ती जोडणारे, धुणारे, चालवणारे पुष्कळ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ही गाडी वर्षानुवर्षे जोडली गेली. तेव्हा "आपल्याला काय करायचे तिचे?" असे कोणी म्हणू नये.

आणि आता जुन्या सुपर्ब आवाक्यात येऊ लागल्या आहेत. आमच्या वस्तीतला एक ड्रायव्हर मुलगा परवा विचारायला आला. दोन गाड्या पाहिलेल्या, दोन्ही २०१७ च्या. एक पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. दुसरी डिझेल ऑटोमॅटिक, पन्नास हजारांनी महाग. लग्नाला भाड्याने द्यायचा बेत. पैसे आईच्या फंडाचे. तिने आयुष्यभर रस्ते झाडून साठवलेले.

"भाड्याची गाडी म्हणजे डिझेलच ना, काका?"

आम्ही त्याला वही काढायला लावली. ताकदीत दोघी जवळपास सारख्या: १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन १८० अश्वशक्तीचे, २ लिटरचे डिझेल १७७ चे. डिझेलचा ओढ जरा जास्त, घाटात ते जाणवते. पण नवरदेवाची गाडी घाटात कितीशी जाणार?

वर्षाला ४० लग्ने, येऊन-जाऊन १०० किलोमीटर धरले तरी ४,००० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १० आणि डिझेल १५ किलोमीटर देते असे धरू. भाव १०५ आणि ९२ रुपये. पेट्रोलचा खर्च ४२,००० होतो, डिझेलचा साधारण २४,५००. म्हणजे बचत साडेसतरा हजार. गाडीवरचे जादा पन्नास हजार फिटायलाच तीन वर्षे जातील! त्यात जुन्या डिझेलचे इंजेक्टर बिघडले, तर बचत गेलीच समजा. टायमिंग बेल्ट आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ठरल्या वेळी बदलावे लागते, तो खर्च वेगळा. आधीच्या मालकाने तो केला की नाही, हे सर्व्हिसच्या बिलांवरूनच कळते.

आपण मुहूर्त पाहत नसलो तरी बरीच गिऱ्हाइके पाहतात. चातुर्मासात गाडी उभीच राहणार. रोज पुणे-मुंबई करणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावे. ३०,००० किलोमीटरच्या धावेवर हाच हिशेब सव्वा लाखाच्या वर जातो. उभ्या गाडीला डिझेल कशाला?

एक गोष्ट विकताना आडवी येईल. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा कंपनीने भारतात सुपर्बचे डिझेल इंजिन बंद केले. डिझेलची हौस असणारा अशा गाडीला चांगला भाव देईलही. पण त्या आशेवर आईचा फंड लावू नये, असे आमचे मत.

इंजिनाहून मोठा प्रश्न मुलाने विचारलाच नव्हता. दोन्ही गाड्यांची पाटी पांढरी, म्हणजे खासगी. पांढऱ्या पाटीवर भाडे मारणे कायद्याविरुद्ध आहे. वरातीत कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई कोण देणार?

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "पिवळी पाटी मिळते का ते आधी बघतो."

इसार अजून दिलेला नाही. सोमवारी मायलेक आरटीओत जाणार आहेत.