अस्लाक्सेनची खुर्ची

इब्सेनचे ‘लोकशत्रू’ (१८८२) रंगभूमीवर आणणाऱ्या दिग्दर्शकाचे लक्ष साहजिकच डॉक्टर स्टॉकमनवर खिळते. गावाच्या आरोग्यस्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे तो सांगतो आणि सारे गाव त्याच्यावर उलटते. प्रेक्षक मनोमन डॉक्टरच्या पंक्तीला बसतो आणि समाधानाने घरी जातो. नाटकाची हानी होते ती येथेच.

बंगळुरात हा धोका विशेष आहे. तेथील बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर उडालेला साऱ्यांनी पाहिला. २०१५ साली आणि पुन्हा २०१७ साली त्या तलावावर आग भडकली. स्टॉकमनला पाण्यातले विष विद्यापीठाकडून तपासून घ्यावे लागले. येथे गुपित असे काही उरलेलेच नाही. मग या नगरीत अप्रिय सत्य ते कोणते? तलावात घरोघरचे, शुद्ध न केलेले सांडपाणी येते, कपडे धुण्याच्या साबणचुऱ्यासकट. म्हणजे सत्य सांगणाऱ्याचे बोट वळावयाचे ते प्रेक्षागृहाकडे.

इब्सेनने याची तजवीज आधीच करून ठेवली आहे. छापखान्याचा मालक अस्लाक्सेन हा घरमालकांच्या संघाचा अध्यक्ष. दुसऱ्या अंकात तो डॉक्टरला बहुमताचा भक्कम पाठिंबा देऊ करतो. तिसऱ्या अंकात नगराध्यक्ष सांगतो की, दुरुस्तीसाठी स्नानगृहे दोन वर्षे बंद राहतील आणि खर्च गावावर पडेल. त्या क्षणी अस्लाक्सेन फिरतो. चौथ्या अंकातील सभेचे अध्यक्षस्थान त्याच्याचकडे जाते. हा गृहस्थ दुष्ट नव्हे. संयम हा त्याचा आवडता शब्द. (गृहसंकुलांच्या सभांतून तो कोणाला भेटलेला नाही?)

सत्यजित राय यांच्या ‘गणशत्रू’त (१९८९) दूषित होते ते देवळातील चरणामृत, आणि शेवटी तरुणांचा जयघोष डॉक्टरच्या मदतीला येतो. आर्थर मिलरने १९५० च्या रूपांतरात डॉक्टरच्या भाषणातली जनसामान्यांविषयीची तुच्छता बरीच छाटली. दोन्ही बदल समजण्याजोगे आहेत. पण त्यांमुळे प्रेक्षकाची सुटका होते. डॉक्टर उद्धट आहे, आणि तरीही पाण्याविषयी त्याचेच खरे आहे, ही अडचण प्रयोगात टिकलीच पाहिजे.

ऑस्टरमायरने बर्लिनच्या २०१२ च्या प्रयोगात सभेचा अंक प्रेक्षकांना खुला केला. पेइचिंगमध्ये २०१८ साली लोक इतके मोकळेपणी बोलले की, पुढील प्रयोगांतून ती चर्चा गाळावी लागली. जे. पी. नगरातील रंगशंकर नाट्यगृहात, २००४ पासून घड्याळाची शिस्त पाळत आलेल्या प्रेक्षकांपुढे, हाच अंक करावयाचा तर अस्लाक्सेनची खुर्ची रंगमंचावर नको, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत हवी. आणि दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्याने तेथूनच, मागे वळून, विचारावा.