नाणेघाटांतील रांजण व जकात : एक पुनर्विचार

गेल्या भाद्रपदांत जुन्नराहून घाटघरमार्गें मोटारीनें नाणेघाटीं जाण्याचा योग आला. माथ्यावर गाडी थांबली कीं प्रवासी प्रथम कड्याकडे धांवतात. पायाखालीं तुटलेला कडा, खालीं कोंकणपट्टी, बाजूस जीवधन किल्ला, आणि वाऱ्याच्या रेट्यानें खालीं न पडतां उलट वर उसळणारें पावसाचें पाणी, असें तें दृश्य आहे. तेथून पाय वळतात ते वाटेच्या कडेस असलेल्या दगडी रांजणाकडे. ‘पूर्वीं जकातीचीं नाणीं यांत टाकीत, म्हणून हा नाणेघाट’, असें तेथें जो तो सांगतो. मीहि तीस वर्षें विद्यार्थ्यांस हेंच सांगत आलों. परंतु त्या दिवशीं लेण्यांत बसून तेथील लेखाचें मुद्रित वाचन चाळीत असतां, या विधानास आधार काय, हा प्रश्न माझा मलाच पडला. त्याचा विचार येथें संक्षेपानें मांडतों.

सोपारा व कल्याण या बंदरांतून देशावर येणारा माल या वाटेनें जुन्नरास व पुढें प्रतिष्ठानास जात असे. आज मोटार देशाच्या बाजूनें येते, त्यामुळें घाटाची चढण आपणांस जाणवत नाहीं. पूर्वींचा वाटसरू मात्र कोंकणांतून पायीं चढून येई. माथ्यावरील चिंचोळ्या खिंडींत शिरण्यापूर्वीं त्यास प्रथम लागे तें हें लेणें. भिंतींच्या कडेनें खोदलेला बांक आणि जवळच पाण्याचीं टांकीं, ही सोय पाहतां श्रमलेला मनुष्य येथें थांबल्यावांचून पुढें जात नसेल हें उघड आहे.

1828 सालीं साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें हें लेणें पाहिलें. पुढें प्रिन्सेपनें लेख लावण्याचा यत्न केला, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकचिन्हांचा विचार केला, आणि 1883 सालीं बूलरनें सविस्तर वाचन प्रसिद्ध केलें. लेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहे. त्याचा काल कोणी इ. स. पूर्वीं दुसरें शतक, तर कोणी पहिलें शतक मानितात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांस वंदन असून पुढें अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय इत्यादि यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. लेखांतील राणी महिनाभर उपोषण करणारी, घरांत राहून तापसीचें व्रत पाळणारी अशी वर्णिली आहे. मागील भिंतीवर राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या; त्या नष्ट झाल्या, परंतु सिमुक, नायनिका, सातकर्णि इत्यादि नांवें वर कोरलेलीं राहिलीं आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या लेखांत गाई, घोडे, हत्ती व नाणीं यांची मोजदाद अंकचिन्हांनीं दिली आहे, आणि ती सहस्रांच्या घरांत जाते. दिलेल्या नाण्यांचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या या लेखांत घेतलेल्या जकातीचा शब्दहि नाहीं. दुसरें असें कीं, नाण्यास येथें शब्द योजिला आहे तो ‘काहापन’, म्हणजे संस्कृत ‘कार्षापण’. ज्यापासून आपला ‘नाणें’ शब्द आला तो ‘नाणक’ याज्ञवल्क्यस्मृतींत आढळतो. पण ती स्मृति या लेखाहून अर्वाचीन आहे. तेव्हां घाटाच्या आजच्या नांवावरून सातवाहनकालीन जकात सिद्ध करणें म्हणजे नातवाच्या नांवावरून आजोबाचा धंदा ठरविण्यासारखें आहे. शिवाय शेजारच्या सुळक्यास ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. तेव्हां घाटाचें नांव नाण्यावरून पडलें कीं कोणा नानावरून, हेंहि निश्चित नाहीं. आणि रांजण हें तर मराठी घरांतील पाण्याचें भांडें.

याचा अर्थ येथें जकात घेतच नसत असा नव्हे. अशा अरुंद खिंडींत ती घेणें सोपें होतें, आणि घेत असतीलहि. माझें म्हणणें इतकेंच कीं, रांजण हा तिचा पुरावा नव्हे. उलट जो पुरावा भिंतीवर आहे त्याकडे आपण पाठ फिरवितों. यज्ञ कोठेंहि झाले असोत, त्यांची यादी खोदविली ती घाटमाथ्यावरील विसाव्याच्या जागीं. कारण व्यापारी, यात्रेकरू व शिपाई या सर्वांस येथें थांबणें भाग होतें. ज्यास वाचतां येई तो वाची, इतर ऐकत. राजकुलाची कीर्ति बैलांच्या तांड्याबरोबर दोन्हीं दिशांस जावी, याहून उत्तम योजना कोणती ? लेख व थांबा हीं एकमेकांपासून तोडून वाचलीं तर दोहोंचाहि अर्थ अपुरा राहतो.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. जुन्नर प्रांतांतील घाटांच्या जकातीचे मोडी कागद आपणांपैकीं कांहींच्या दप्तरांत असतील. त्यांत नाणेघाटच्या चौकीचा, आणि विशेषतः या रांजणाचा उल्लेख सांपडल्यास तो मूळ शब्दांनिशीं व मितीसह प्रसिद्ध करावा. तो माझ्या मताविरुद्ध गेला तरी मला आनंदच होईल. तीस वर्षें निराधार सांगितलेली गोष्ट साधार ठरली, तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपुढें मान वर करून उभें राहतां येईल. तोंवर मात्र तें विधान मीं मागें घेतलें आहे असें समजावें.