शर्यत सुरू, स्टँड रिकामे

नागपुरात, धंतोलीत यशवंत स्टेडियमजवळ तर्री-पोहे हाणताना परवा एका पोराने विचारलं, "काका, आपल्याकडे फॉर्म्युला वन का नाही होत?"

अरे, झाली होती ना बाबा! ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. पहिल्या वर्षी सुमारे ९५ हजार लोक, पुढच्या वर्षी ६५ हजार, २०१३ला ६० हजारांच्या आसपास. तिन्ही वेळा जिंकला रेड बुलचा सेबॅस्टियन व्हेटेल. शेवटच्या वेळी तर चौथं जगज्जेतेपद पक्कं करून पठ्ठ्याने स्टँडसमोर धूर काढत गाडी गरागरा फिरवली. टीमला २५ हजार युरोंचा दंड! मग सामसूम.

ट्रॅक झकास होता, घोडं अडलं कागदावर. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हा खेळ नव्हता, करमणूक होती. म्हणून करमणूक कर. बाहेरून येणाऱ्या इंजिन-टायरवर कस्टमची कटकट वेगळीच.

आपल्याला जवळचं हैदराबाद, रात्री गाडीत बसलं की सकाळी हजर. ११ फेब्रुवारी २०२३ला हुसेनसागरकाठी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. पुढच्या वर्षीची शर्यत महिनाभर आधी रद्द. मधल्या काळात तेलंगणात सरकार बदललं होतं. मग तिकीट काढायचं तरी कुणाच्या भरवशावर? माझे तर हॉटेलचे पैसेही बुडाले.