कौलांखालचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प

मिरगाचा पाऊस कौलांवर कोसळू लागला की मालवणच्या घरात मायक्रोफोन लावून काही रेकॉर्ड करणं अवघड होऊन बसतं. इथे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि माळा घातलेला असला तरी त्याचा आवाज खोलीत उतरतोच. पाऊस नसेल तेव्हा कावळे, मासळीवालीची हाक, शेजारचा मिक्सर. म्हणून व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प स्पीकर न वाजवता रेकॉर्ड करायचं तंत्र किनारपट्टीला दुहेरी कामाचं आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये ते शेजाऱ्यांची झोप राखतं. इथे ते त्याबरोबर बाहेरचं जग रेकॉर्डिंगच्या बाहेर ठेवतं, आणि माझ्या लेखी हा दुसरा उपयोग मोठा आहे.

जुन्या रेडिओत तापून तांबूस दिसणारे काचेचे व्हॉल्व्ह आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवतात. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनवायची. ट्रान्झिस्टरने त्यांना रेडिओतून हुसकावलं, गिटारवाल्यांनी मात्र सोडलं नाही. सिग्नल मर्यादेबाहेर गेला की ट्रान्झिस्टर तो एकदम कापतो. व्हॉल्व्ह तो हळूहळू दाबत नेतो, त्यात नवे स्वरांश मिसळतो, आणि तार हलकी छेडली की पुन्हा स्वच्छ होतो. वादकाच्या बोटाला असं उत्तर देणारं दुसरं विद्युतयंत्र मला माहीत नाही.

अडचण अशी की हा रंग पुरता खुलतो तो शेवटचे पॉवर व्हॉल्व्ह जोरात राबू लागल्यावर. फेंडर कंपनीचा चॅम्प हा अवघ्या पाच वॉटचा अ‍ॅम्प, त्यात एकच पॉवर व्हॉल्व्ह. पण बंद खोलीत तोही कानठळ्या बसवतो. पंधरा वॉटच्या अ‍ॅम्पला चांगला गिटार स्पीकर जोडला तर एक मीटरवर १०९ डेसिबलच्या घरात आवाज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो तेव्हा सगळी वाडी देवळासमोर जागी असते. एरवीच्या रात्री शेजारचं पोर परीक्षेचा अभ्यास करत असतं आणि आपल्या घराच्या कौलांना आवाज अडवता येत नाही.

मग स्पीकरची वायर काढून टाकावी, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. तसं कधीही करू नये. पॉवर व्हॉल्व्हवर तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि ते व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. पलीकडे भार नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला वाट राहत नाही. व्होल्टेज हजाराच्या पार उसळतं, गुंडाळीचं इन्सुलेशन फुटतं किंवा व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडून तिथे कोळसा होतो. म्हणून स्पीकरच्या जागी दुसरं काहीतरी लावावंच लागतं. त्याला लोड बॉक्स म्हणतात.

सर्वांत साधा लोड बॉक्स म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला आठ ओहमचा जाडजूड रेझिस्टर. तो जवळजवळ सगळी शक्ती उष्णतेत घालवतो. हा खटाटोप जुना आहे. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेले अभियंते. १९७६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचा बराच भाग त्यांनी घराच्या तळघरात रेकॉर्ड केला, आणि पुढे त्यांच्याच कंपनीने अ‍ॅम्पची शक्ती पिऊन टाकणारा ‘पॉवर सोक’ बाजारात आणला.

रेझिस्टरने अ‍ॅम्प सुरक्षित राहतो, पण आवाज थोडा मेलेला वाटतो. कारण खरा स्पीकर आठ ओहमचा असतो तो फक्त छापील कागदावर. शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे त्याचा पडदा आपसूक थरथरतो, तिथे त्याचा अवरोध कित्येक पटींनी चढतो. पुढे उतरतो, आणि वरच्या पट्टीत गुंडाळीच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड ढिली असते, त्यामुळे ही चढउतार थेट आवाजात उतरते: खर्ज भरतो, वरचे स्वर चमकतात. रिअ‍ॅक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून हीच चढउतार उभी केलेली असते. दोन्ही प्रकार एकाच अ‍ॅम्पवर लावून पाहिले की फरक बोटांना आधी कळतो, कानांना मागाहून.

लोड बॉक्समधून रेकॉर्डिंगसाठी संगणकाकडे नेलेला बारीकसा सिग्नल तसाच ऐकला तर मात्र मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा कर्कश लागतो. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गाळून टाकतो. ती गाळणी आता राहिलेली नसते. ती संगणकात परत बसवायची असते. स्पीकरचं खोकं, त्यापुढचा मायक्रोफोन आणि खोली यांचा मिळून जो ठसा उमटतो त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. फाइल सेकंदाच्या काही अंशाची, पण सिग्नल तिच्यातून काढला की कानाला खोक्यासमोर बसल्यासारखं वाटतं.

असे ठसे विकत मिळतात. सेलेस्टियनसारखी स्पीकर कंपनी स्वतःच विकते. तरी माझा आग्रह आहे की आपल्या स्पीकरचा ठसा आपणच घ्यावा. जानेवारीतली शांत पहाट निवडावी, चिऱ्याच्या भिंतींच्या माजघरात खोकं ठेवावं, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर त्यातून वाजवून मायक्रोफोनने टिपावा. मग सॉफ्टवेअर त्यातून ठसा वेगळा काढून देतं.

किनाऱ्यावर या यंत्राला आणखीही काही सोसावं लागतं. खाऱ्या हवेने जॅक आणि सॉकेटच्या पट्ट्यांवर गंज चढतो, आणि पावसाळ्यात अ‍ॅम्प करकरू लागतो. वापर नसला तरी अधूनमधून तो चालू करून तापू द्यावा. विजेचा दाब खाली गेला की फिलॅमेंटला लागणारे ६.३ व्होल्टही घसरतात आणि आवाज मऊ पडतो, म्हणून स्टॅबिलायझर हवा. मे महिन्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. मीठ-कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी घालत राहावं. इतक्या व्होल्टेजच्या यंत्राला हे सुरक्षेसाठीच लागतं. आणि प्लग काढला तरी आतले कपॅसिटर भरलेले असतात, हे झाकण उघडण्याआधी ध्यानात असावं.

या पद्धतीत एक गोष्ट खरोखर हरवते. स्पीकरची हवा गिटारच्या तारेवर आदळते, तार पुन्हा थरथरते आणि स्वर लांबत जातो. लोड बॉक्सला हवाच हलवता येत नाही. शिवाय ठसा हा स्थिर असतो. जोरात वाजवल्यावर कागदी कोन थकल्यासारखा दबतो, ते त्यात येत नाही. ज्यांचं वादनच या लांबलेल्या स्वरावर उभं आहे त्यांना हेडफोनवर पोरकं वाटणार, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी मॉनिटर स्पीकर बऱ्यापैकी मोठे ठेवून त्यांच्याजवळ गिटार धरून पाहावी. थोडं काम होतं. आणि प्रत्येक वेळी अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधीचा गिटारचा कोरा सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा. पुढे एखादा रिकामा हॉल दिवसभरासाठी मिळाला तर तोच सिग्नल खऱ्या अ‍ॅम्पमधून खऱ्या स्पीकरवर वाजवून, समोर मायक्रोफोन ठेवून, नव्याने रेकॉर्ड करता येतो.