20 तासांचा आठवडा

सकाळी 6:30. गुरुवार, सामन्याचा दिवस. उठल्या उठल्या मेसेज : "लॅब साडेपाचला संपते, काय करू?" सामना सातचा. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मुलींच्या सॉकर संघाचा अभ्यास सांभाळणं ही माझी नोकरी. प्राध्यापकांना मेल टाकला, मग चहा.

8:00. मिडफिल्डमधली दुसऱ्या वर्षाची मुलगी समोर बसलीय. नर्सिंग झेपत नाही, मानसशास्त्र घ्यायचंय. विद्यापीठांतले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम असा, की तिसऱ्या वर्षात पाऊल टाकताना पदवीचे 40 टक्के क्रेडिट पूर्ण हवेत; पुढे 60, मग 80. विषय बदलला की नर्सिंगची बरीच क्रेडिट नव्या पदवीत धरली जात नाहीत आणि टक्का घसरतो. पास होऊनही खेळायला अपात्र! कागदावर तासभर आकडेमोड केली. उन्हाळ्यात 2 कोर्स केले तर जमतं. पण त्यांची फी कोण भरणार?

10:30. तोच प्रश्न घेऊन बजेटच्या बैठकीत. 2024-25पर्यंत संघाला जास्तीत जास्त 14 शिष्यवृत्त्या देता येत. त्या तुकडे करून वाटायच्या : कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. मुलग्यांच्या सॉकरला तर 9.9च, कारण 85 अमेरिकन फुटबॉलकडे जात आणि शिक्षणात लिंगभेद रोखणाऱ्या 1972च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलं-मुलींचा तराजू सावरावा लागे. जून 2025मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात कोर्टाने तडजोड मंजूर केली. तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, संघात 28 खेळाडूंची आली. म्हणजे आता 28 जणींना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला मोकळीक आहे. पैसे मात्र तेवढेच. त्याच तडजोडीने प्रत्येक विद्यापीठाला आपल्या सगळ्या खेळाडूंत मिळून थेट, 2025-26साठी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा दिली. ती रक्कम मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच वळते. आमचा खेळ तिकिटांवर कधीच पोट भरत नाही. उन्हाळी कोर्सचं "बघू" झालं.

1:00. सहायक कोचबरोबर सँडविच. 2023च्या जुलैपर्यंत 'व्हॉलंटिअर कोच' नावाचं पद होतं. त्याला पगार द्यायचा नाही, असा नियमच होता. ती त्या पदावर राबलेली आहे. आता पगार मिळतो, पण गोलकीपरांचा सराव, नव्या मुलींची भरती आणि व्हिडिओ सगळं तिच्याच गळ्यात.

4:00. रविवारचा सामना बाहेरगावी, त्यामुळे एकीचा पेपर हॉटेलात. पर्यवेक्षक मी. सीलबंद पाकीट बॅगेत टाकलं.

7:00. लॅबवाली धावत आली. 1-1.

9:45. तासांची नोंद. हंगामात आठवड्याला 20 तासांच्या वर खेळाचं काम घ्यायचं नाही आणि सामन्याचा दिवस, कितीही लांबला तरी, 3 तासांचाच धरायचा. मुली दुपारपासून अडकलेल्या होत्या. मी 3 लिहिलं.

शनिवारी सकाळी साडेसातला बस. प्रवासाचे तास मोजत नाहीत.