धूमसूचकाचा प्रतिसाद आणि संगणकीय प्रतिमानांची कसोटी
आग लागल्यापासून धूमसूचक वाजेपर्यंत जो काळ जातो, त्यावर निद्रिस्त माणसांचे प्राण अवलंबून असतात. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर’ हे संगणकीय प्रतिमान धुराचा प्रवाह गणिताने काढते. परंतु धूर सूचकापाशी पोहोचणे आणि सूचकाच्या आत शिरणे या भिन्न घटना होत. हेस्केस्टाड यांच्या सूत्राप्रमाणे हा विलंब सूचकाच्या एका ठराविक लांबीस प्रवाहाच्या वेगाने भागून मिळतो. लांबी १.८ मीटर व वेग सेकंदास ०.१ मीटर असल्यास तो १८ सेकंद भरतो.

सूचकापाशी तापमान १३ अंश सेल्सिअसने वाढले की तो वाजतो, असा एक जुना ठोकताळा आहे. धुमसत्या गादीचा धूर दाट, पण उष्णता अल्प. तेथे तो फसतो.

आगीची तीव्रता व काजळीचे प्रमाण ही मूल्ये प्रतिमानास बहुधा बाहेरून पुरवावी लागतात. प्रयोगाचा निकाल पाहून ती जुळविली, तर साधलेला मेळ ही कसोटी नव्हे. यास्तव तापमान, धूरघनता, वेग व वाजण्याची वेळ स्वतंत्रपणे ताडून पाहावी. अन्यथा दोन विरुद्ध चुका एकमेकींस झाकतात आणि सदोष प्रतिमानही खरे भासते.