सायकल शिकवताय? आधी पेडल काढा!

उन्हाळी शिबिरात सायकल शिकायला गेलेल्या मुलाच्या सायकलचं पेडलच काढलेलं दिसलं, तर चिडू नका. सीट इतकी खाली घेतात की दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. मग पायाने ढकलत जायचं.

सायकल ज्या बाजूला कलते, तिकडेच हँडल वळवलं की ती सावरते. बाजूची छोटी चाकं तिला कलूच देत नाहीत. मूल पेडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. चाकं काढल्यावर ते पडतं आणि आपण त्यालाच ‘घाबरट’ म्हणतो! १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी चालवलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हतंच.

पाय उचलून थोडं अंतर जाता आलं, की पेडल लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात बरं का (इंजिनीअर असूनही मी चुकलोय). आणि आधार देताना हँडल धरू नका, पाठीला हात लावा.